डॉक्टरकीचे कॉलेज नववीतच ठरते

जून उजाडला, 'नीट'चा निकाल लागला, की आदिलाबादेत आमच्यासारख्या मास्तर मंडळींच्या घरी पालकांची वर्दळ सुरू होते. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत मार्कांचा कागद, सोबत मान खाली घालून बसलेला मुलगा नाहीतर मुलगी, आणि प्रश्न ठरलेला: "सर, कोणते कॉलेज घ्यावे?" हैदराबादचे उस्मानिया चांगले की नागपूरचे मेडिकल? नांदेड मिळाले तर सोडावे का? बीदरचे मामा म्हणतात, इकडे पाठवा, घरचे जेवण मिळेल. निजामाबादचे काका म्हणतात, मुलीला इतक्या लांब कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक घरांत तो चार वर्षे उशिरा विचारला जातो. आपल्या सीमेवरच्या घरांपुरते बोलायचे तर डॉक्टरकीचे कॉलेज बारावीनंतर ठरत नाही, ते नववीच्या वर्गात दाखला घेताना ठरते. हे ऐकून पालक हसतात. नियम सांगितला की हसू मावळते.

सरकारी मेडिकल कॉलेजांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांना कुठलाही भारतीय विद्यार्थी चालतो. उरलेल्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या असतात आणि त्यांच्यासाठी 'स्थानिक' असावे लागते. म्हणजे खरी शर्यत ८५ टक्क्यांची. या शर्यतीत उभे कोण राहू शकते, हे मार्कांच्या आधी शाळेचे दाखले ठरवतात.

तेलंगणाचा नियम असा: बारावीपर्यंतची सलग चार वर्षे, म्हणजे नववी, दहावी आणि इंटरची दोन वर्षे, तेलंगणात शिकलेली असली पाहिजेत आणि बारावीची परीक्षाही इथूनच दिलेली असली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये सरकारने नियम अशा रीतीने पक्के केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे विद्यार्थ्यांना काहीसा दिलासा मिळाला. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा नियम कायम ठेवला. राज्य सरकारच्या ज्या नोकरदारांची बदली बाहेर झाली, सैन्यात जे आहेत, अशांच्या मुलांना सवलत आहे. दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या, खासगी नोकरदाराच्या मुलाला नाही. तुमचे घर इथे आहे, शेत इथे आहे, रेशनकार्ड आणि मत इथे आहे, एवढ्याने भागत नाही. पोराची शाळा कुठे होती, तेवढे बोला!

आता आपल्याकडची रीत पाहा. दहावी आदिलाबाद, बेला, जैनथ, भैंसा किंवा मुधोळला झाली की हुशार पोराला लातूरला टाकायचे. लातूर पॅटर्नचा दबदबा गेल्या तीसेक वर्षांत आपल्या भागात इतका वाढला, की लातूर म्हणजे डॉक्टरकीचे प्रवेशद्वार, असे समीकरणच झाले. ज्यांना लातूर झेपत नाही ते नांदेडला जातात. किनवटवरून रेल्वे आहे, मावशी-आत्या आहेत, भाषा आपली आहे. शिकवणीही चांगली होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुले खोल्या करून राहतात, डबे लावतात, पहाटे चारला उठतात. दोन वर्षांनी मार्क घेऊन घरी येतात आणि तेव्हा कळते, की आपण तेलंगणाचे स्थानिक राहिलो नाही.

मग महाराष्ट्राचे तरी झालो का? तिथलाही नियम आहे. राज्याच्या कोट्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते, म्हणजे लोकांच्या तोंडचे डोमिसाईल. शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. आपल्या पोराची बारावी लातूरची, पण दहावी आदिलाबादची. घर तर आदिलाबादेतच. म्हणजे एक पाय या डगरीवर, दुसरा त्या डगरीवर आणि खाली पैनगंगा!

बेल्याकडची एक मुलगी माझ्या माहितीतली आहे. नाव सांगत नाही. दहावीपर्यंत इथे मराठी माध्यमात, नंतर दोन वर्षे लातूर. २०२५ ला तिला जे गुण पडले त्यांत तिच्याबरोबर दहावीला असलेल्या आणि इंटर इथेच केलेल्या दोन मैत्रिणी सरकारी कॉलेजात गेल्या, त्यातली एक तर हिच्यापेक्षा कमी गुणांची. हिला ना इथला कोटा, ना तिथला. उरले ते अखिल भारतीय पंधरा टक्के, आणि तिथली रांग देशाएवढी लांब. वडील मला म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी पुन्हा बसवतो." बसवा. पण गुण वाढवता येतात, बारावीचे गाव बदलता येत नाही. पुढच्या वर्षीही ती त्याच पंधरा टक्क्यांच्या दारात उभी राहणार. खरे तर घरातल्या कोणी आळस केला नव्हता, कर्ज काढून शिकवले होते. दहावीनंतरच्या त्या मे महिन्यात हा नियम त्यांना सांगणारे कोणी भेटले नाही, एवढेच.

ज्या घरांचे नाते बीदर, भालकी, औरादशी आहे, त्यांच्याकडे तिसरी वाट काढली जाते. "आजोबांचे घर बीदरला आहे, ब्रिम्सला अर्ज टाकू." बीदरचे सरकारी मेडिकल कॉलेज २००७ पासून आहे, चांगले आहे. पण कर्नाटकातही आजोबांच्या घरावर जागा मिळत नाही. सात वर्षांचे शिक्षण कर्नाटकात झालेले असावे, ही तिथली मुख्य अट. आई-वडिलांचे शिक्षण कर्नाटकात झाले असेल, किंवा मातृभाषा कन्नड असून शिक्षण बाहेर झाले असेल, तर काही वेगळी कलमे आहेत. 'गडिनाडु' आणि 'होरनाडु' कन्नडिग म्हणतात ती हीच. गडिनाडु म्हणजे सीमाभाग, त्यात महाराष्ट्रातले जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज हे तालुके धरतात. आदिलाबाद त्यात बसत नाही. ज्यांना खरोखरच ही वाट धरायची आहे त्यांनी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचावी. कन्नड बोलता येणे वेगळे आणि कन्नडची चाचणी उत्तीर्ण होणे वेगळे. आपल्या घरांतल्या किती मुलांना कन्नड लिहिता येते? अज्जीशी बोलण्यापुरते येते, पण पाटी कोरी!

ज्यांची मुले मुळातच बीदर-कलबुर्गीकडे शिकतात त्यांच्यासाठी मात्र घटनेचे कलम ३७१ 'जे' मोठा आधार आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या त्या जिल्ह्यांसाठी ही तरतूद २०१२ च्या घटनादुरुस्तीने झाली आणि तिथल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा त्या भागातल्या मुलांना मिळू लागल्या. त्याचे प्रमाणपत्र वेळेत काढावे लागते. निकालानंतर तहसील कचेरीत धावाधाव करणाऱ्यांची दमछाक दरवर्षी होते.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेजारी केरामेरी आणि जिवतीच्या डोंगरावर जी चौदा गावे आहेत, त्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथल्या माणसाकडे दोन रेशनकार्डे, गावात दोन शाळा, दोन सरपंच. १९५६ ला राज्ये भाषेवर पाडली तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. माणसे मात्र एकाच बाजारात, एकाच लग्नात भेटत राहिली. डोंगरावरच्या माणसाला दोन राज्ये मिळाली, लातूरला शिकलेल्या आपल्या पोराला एकही नाही. असो.

मग करायचे काय? माझे मत सरळ आहे. तेलंगणात राहणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरकीचा विचार असेल तर इंटर तेलंगणातच करावे. आणि हे मन मारून करण्याची गरज नाही, कारण या बाजूचे चित्र पूर्वीचे राहिलेले नाही. तेलंगण राज्य झाले तेव्हा, २०१४ ला, साऱ्या राज्यात सरकारी मेडिकल कॉलेजे पाच होती: उस्मानिया, गांधी, वरंगळचे काकतीय, निजामाबाद आणि आपले रिम्स. आज ती तीसच्या वर आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ ला चार जिल्हे झाले, त्या चारही ठिकाणी आता सरकारी कॉलेज आहे. आदिलाबादचे रिम्स २००८ चे, मंचेरियालचे २०२२ चे, निर्मल आणि आसिफाबादचे २०२३ चे. ज्या जिल्ह्यातून एकेकाळी बाळंतीण अडली तर बैलगाडी न् ट्रकने तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादेत किंवा दोनशे किलोमीटरवरच्या नागपुरात न्यावी लागे, तिथे आता चार ठिकाणी डॉक्टर घडत आहेत. सरकारी कॉलेजची शिकवणी फीही तेलंगणात हजारांत आहे, लाखांत नाही.

शिकवणीचे काय, असे विचाराल. निजामाबाद, करीमनगर, हैदराबाद इथे तयारीचे वर्ग आहेत. आणि ज्याला लातूरच्याच वर्गांचा ध्यास असेल त्याने बारावी इथे करून, मग वर्षभर गॅप घेऊन तिकडे जावे. चार वर्षे पूर्ण होऊन दाखला हातात पडल्यावर शिकवणी कुठेही लावा, नियमाची आडकाठी नाही.

आता जागा मिळण्याइतके गुण आहेत आणि पसंतीक्रम भरायचा आहे, असे धरू. तेव्हा 'चांगले कॉलेज' कशाला म्हणायचे?

पालक इमारत पाहतात. पोर्चमध्ये फोटो काढतात. मी म्हणतो, ओपीडीची रांग पाहा. सकाळी नऊ वाजता केसपेपरच्या खिडकीसमोर किती माणसे उभी आहेत, वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत की चादरी घडी न मोडता पडल्या आहेत, रात्री अपघात विभागात कोण असते, हे पाहून यावे. शंभर विद्यार्थ्यांच्या कॉलेजला साधारण ४२० खाटांचे रुग्णालय लागते, असा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचा दंडक आहे. खाटा कागदावरही असतात. रुग्ण कागदावर आणता येत नाही. रुग्ण नसलेल्या कॉलेजात शिकून डॉक्टर होणे म्हणजे विहिरीशिवाय पोहायला शिकणे.

या कसोटीवर आपले रिम्स कमी नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडचे गोंड, कोलाम, बंजारा रुग्ण, पैनगंगेपलीकडून येणारे शेतकरी, पावसाळ्यातला ताप, सर्पदंश, रक्त कमी असलेल्या गरोदर बाया. इथे पाच वर्षे डोळे उघडे ठेवून काढणाऱ्याला पुस्तकातले अर्धे आजार वॉर्डात भेटतात. मोठ्या शहरात शिकण्याचे फायदे वेगळे. तिथे पदव्युत्तर विभाग मोठे असतात, दुर्मीळ शस्त्रक्रिया दिसतात, ग्रंथालये जुनी असतात. उस्मानियाचा उगम तर १८४६ पर्यंत मागे जातो. पण तिथे एका रुग्णाभोवती आधी प्राध्यापक, मग पदव्युत्तरचे विद्यार्थी, मग इंटर्न, आणि सर्वांच्या खांद्यावरून डोकावणारे आपले पोर. लहान कॉलेजात टाका घालायची पाळी लवकर येते.

नव्या कॉलेजांबद्दल डोळे झाकून बोलू नये, हेही तितकेच खरे. तिथे शिकवणारे पुरेसे आहेत का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०२५ मध्ये तेलंगणातल्या बऱ्याच सरकारी मेडिकल कॉलेजांना अध्यापकांच्या आणि सोयींच्या उणिवांवरून आयोगाने जाब विचारला. म्हणून दोन नव्या कॉलेजांतून निवडायचे असेल तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. शरीररचनेला शव होते का, किती जणांत एक? औषधशास्त्राला कायमचे सर आहेत की तात्पुरते? हॉस्टेल कॉलेजच्या आवारात आहे की गावात भाड्याच्या इमारतीत? मुलीचे पालक असाल तर हॉस्टेल आणि रुग्णालय यांच्यामधला रस्ता रात्री आठनंतर स्वतः चालून पाहा. ही माहिती कुठल्याही क्रमवारीत छापून येत नाही. मुले खरे सांगतात, कारण त्यांना काही विकायचे नसते.

महाराष्ट्राच्या बाजूला शिकलेल्या, तिथलेच स्थानिक असलेल्या आपल्या नातलगांच्या मुलांसाठी नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर ही जवळची सरकारी कॉलेजे. नांदेडचे १९८८ चे, यवतमाळचे त्याच्या पुढच्या वर्षीचे, चंद्रपूरचे २०१५ चे. नागपूरचे मेडिकल १९४७ चे. प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे नागपूरचेच, अभय बंगही तिथलेच. गडचिरोलीच्या जंगलात जाऊन राहिलेली ही माणसे त्या गर्दीच्या वॉर्डांतून घडली. पूर्वी विभागवार ७०:३० ची विभागणीही महाराष्ट्रात होती, मराठवाडा आणि विदर्भ वेगळे धरले जात. ती सप्टेंबर २०२० ला रद्द झाली. त्यामुळे आता नांदेडच्या मुलालाही पुण्या-मुंबईच्या मुलांशी एकाच यादीत झुंजावे लागते, हे लक्षात असू द्यावे.

आणि सेवाग्राम! नागपूरच्या वाटेवरच, वर्ध्याजवळ. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केली. पहिल्या वर्षाची मुले आधी आश्रमात राहतात, मग एका खेड्यात मुक्काम करून तिथली घरे दत्तक घेतात. खादी वापरावी लागते. कोणाला हे सारे जुनाट वाटेल. ज्याला पुढे तालुक्याच्या गावी दवाखाना टाकायचा आहे त्याने सेवाग्रामचे नाव पसंतीक्रमात बरेच वर ठेवावे, असे मला वाटते.

भाषेचा मुद्दा बहुतेक पालकांच्या यादीत नसतो, आपल्या घरांच्या यादीत असायला हवा. रुग्ण 'अॅब्डॉमिनल पेन' म्हणत नाही. तो मराठीत 'पोटात मुरडा येतो' म्हणतो, कन्नडमध्ये 'होट्टे नोवू', तेलुगूत 'कडुपु नोप्पि'. नोवू आणि नोप्पि यांतले नाते कन्नड येणाऱ्याच्या कानाला लगेच कळते, लिपीही चुलत बहिणीसारखी. मुरडा, कळ, गुबारा आणि जळजळ यांतला फरक ज्याला कळतो त्याचे निम्मे निदान तिथेच होते. आपल्या घरातली मुले मराठी आणि कन्नड घेऊनच जन्मतात, शेजारातून तेलुगू आणि दखनी उचलतात. आदिलाबादच्या ओपीडीत अशा पोराला दुभाषा लागत नाही. हीच मुलगी दूर ईशान्येला किंवा उत्तरेला गेली तर पहिले वर्ष तिला रुग्णाचे बोलणे समजण्यातच जाईल. जायचे नाही असे नाही. पण जवळची जागा सोडताना आपण हेही सोडतो आहोत, ते मोजून सोडावे.

भाषेवरूनच आणखी एक बारीक गोष्ट. 'नीट' तेरा भाषांत होते, त्यात मराठी आणि कन्नडही आहेत. मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, कन्नड कर्नाटकातल्या. तेलंगणातले केंद्र घेतले तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा तेलुगू. मराठी माध्यमात दहावी झालेल्या मुलांनी परीक्षेचा अर्ज भरताना याचा विचार आधी करावा.

खासगी आणि परदेशी वाटांवर फार शाई खर्च करत नाही. देणगी देऊन डॉक्टर होण्याची कथा आपल्या भागाला नवी नाही. मणिपालला १९५३ ला देशातले पहिले खासगी मेडिकल कॉलेज निघाले, बेळगावचे १९६३ ला, आणि कर्नाटकातल्या कॅपिटेशन फीचे प्रकरण १९९२ ला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आज 'नीट'शिवाय आणि अधिकृत कौन्सेलिंगशिवाय एकही जागा भरता येत नाही. तेव्हा हॉटेलच्या लॉबीत बसून "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. परदेशातून शिकून आलेल्यांना इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात पास होणाऱ्यांचे प्रमाण बरीच वर्षे चौघांत एकाच्या आसपास राहिले आहे. एजंट विमानाचे तिकीट दाखवतो, हा आकडा दाखवत नाही.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज दरवर्षी दिसतो. गेल्या वर्षी आपल्या गुणांना जे मिळाले असते तेच पहिल्या क्रमांकावर टाकायचे, नाहीतर 'हातचे जाईल' अशी भीती. तसे नसते. यंत्र वरून खाली वाचत येते, वरचे मिळाले नाही म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. जे खरोखर हवे ते वर, त्याच्याखाली दुसरे, असा सरळ क्रम लावावा. मात्र जे कॉलेज मिळाले तरी जायचेच नाही ते यादीत घालूच नये, कारण जागा घेऊन सोडली तर फेरीगणिक नियम आणि दंड वेगळे असतात.

ज्यांची मुले यंदा आठवीत आहेत त्यांच्यासाठी आजचे हे पान मुद्दाम. नववीपासून पुढे प्रत्येक वर्षाचा बोनाफाईड दाखला त्याच वर्षी घेऊन ठेवा, झेरॉक्स नव्हे, मूळ शिक्क्यासह. नावाचे स्पेलिंग दहावीच्या मेमोवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर एकच आहे का ते पाहा. मराठीतला 'पाटील' आणि कन्नड वळणाचा 'पाटिल' इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिले गेले, की वरंगळच्या पडताळणी केंद्रावर दिवस मोडतो.

काही विचारायचे असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र टाका. मुलाची नववी, दहावी, अकरावी, बारावी कुठे झाली हे चार ओळींत आधी लिहा, गुण नंतर.